आप्पांची कासारीण

लोटनआप्पा पुस्तक परत करायला आले की ते सरळ टेबलावर ठेवत नसत. आधी खिडकीपाशी जायचे. पुस्तक मधेच उघडून एक पान चिमटीत धरायचे, उजेडाकडे करून बघायचे, अंगठ्यानं घासायचे आणि मग माझ्याकडे वळून निकाल द्यायचे. "फ्रेश." किंवा "सेकंड." फारच वाईट असेल तर आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे बघून, खालच्या आवाजात, "चिंधी." जणू लेखक बाहेर व्हरांड्यात उभा आहे आणि त्याला वाईट वाटेल.

सुरतेत ज्यानं कापडाच्या धंद्यात चार दिवस काढलेत त्याला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. बाकीच्यांसाठी सांगतो. मागावरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावर पसरून तपासतात. कुठं डाग नाही, तार तुटलेली नाही, तो ताका फ्रेश. खोट निघाली की सेकंड. आणि जे विकण्यासारखंच नाही ती चिंधी. लोटनआप्पा उधन्याच्या बाजूला एका लूमच्या कारखान्यात बावीस वर्षं हेच काम करत होते. दिवसभर खिडकीशी उभं राहून कापड डोळ्याखालून घालायचं आणि खोट दिसली की खडूनं खूण करायची. पुस्तकांवर खडू चालवत नव्हते एवढे त्यांचे माझ्यावर उपकार.

निकालाला कारण असायचं. एक जाडजूड कादंबरी परत करताना म्हणाले, "तुम्हले सांगस गुरुजी, पहिली साठ पानं फ्रेश. पुढं मालकानं कारागीर बदललाय." मी नंतर सहज चाळली. खरंच साठाव्या पानानंतर काहीतरी बिनसलं होतं. कुणाच्या तरी समीक्षेत हे चार पानांत लिहिलं असतं.

वाचायचेही उभ्यानंच. बसलं की अक्षरं झोपतात म्हणायचे. वाचनालयात दोन बाकं रिकामी असताना हा उंच, वाळका माणूस, चष्म्याची काडी नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेली, खिडकीशी उभा राहून ओठ हलवत वाचतोय हे बघून नवीन माणसाला वाटायचं, याला कुणीतरी शिक्षा केलीय.

आणि पुस्तकातल्या माणसांशी भांडायचे. एका गोष्टीत सासऱ्यानं सुनेला भर पंगतीत बोल लावला. आप्पांनी पुस्तक तिथंच मिटलं, कपाटात पाठ आत, पानं बाहेर असं उलटं ठेवलं आणि मला बजावलं, "तीन आठवडे कोणाला देऊ नका. पडू दे त्याला तसाच." चौथ्या रविवारी आले, पुस्तक काढलं, पुढं वाचलं. जाताना समाधानानं म्हणाले, "माफी मागितली शेवटी."

मला ते गुरुजी म्हणत. मी बी.एड. झालेला माणूस. मुलं मला सर म्हणत, हेडमास्तर सर म्हणत. गुरुजी म्हटलं की आपल्या डोक्यावर टोपी चढल्यासारखं वाटायचं. दोनदा सुचवून पाहिलं. "हां गुरुजी," ते म्हणाले, "आता सरच म्हणत जाईन."

आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे शाळेच्या एका वर्गातली दोन लोखंडी कपाटं. रविवारी सकाळी नऊ ते बारा. मी त्याचा ग्रंथपाल, कारण मी मराठी शिकवायचो, आणि रविवारी सकाळी घरी सापडलो तर मंदा, म्हणजे माझी बायको, हातात पिशवी द्यायची. नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं झाली होती. लिंबायत, गोडादरा, सगळीकडे खानदेशातून आलेली घरं वाढत होती, पण त्यांची मुलं एकमेकांशी गुजरातीत भांडायला लागली होती. मराठी पुस्तक मागायला येणारे मोजके. त्यात नेमानं येणारे एकटे लोटनआप्पा.

आता लाजेची गोष्ट. मी वाचत नव्हतो.

एम. ए. मराठी झालो तेही गाईडांवर. नोकरी लागली आणि उरलेलं वाचनही सुटलं. परीक्षा नाही तर वाचायचं कशाला, असं काहीतरी आत बसलं होतं. पण पुस्तकांबद्दल बोलायला मला फार छान यायचं. पाठीमागचा मजकूर वाचायचा, प्रस्तावनेची दोन पानं चाळायची, रविवारच्या पुरवणीतला एखादा शब्द घ्यायचा. 'अस्तित्वाचा प्रश्न' म्हटलं की समोरचा गप्प बसतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी टूम काढली. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या स्नेहसंमेलनात 'वर्षभरात वाचलेली माझी आवडती पुस्तकं' यावर चौघांनी बोलायचं. जुळवाजुळव माझ्याकडे. पहिला वक्ता मीच. मी दहा पुस्तकांची यादी केली. सगळी कपाटातली, सगळी जाड, आणि सगळी मी न वाचलेली. नावं इथं सांगत नाही. लेखकांचा त्यात काही दोष नाही.

लोटनआप्पांना मी सगळ्यांत शेवटी ठेवलं. का, तर लोक हसत घरी जातील.

माझं भाषण झालं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "वाचावं तर सरांसारखं." मग शेवटी आप्पा उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात चौकोनी घडीचा कागद. माईकसमोर उभं राहून त्यांनी यादी वाचायला सुरुवात केली. पहिलं पुस्तक गुरांच्या आजारांचं. आप्पांकडे गाय नाही, म्हैस नाही, गोडादऱ्यात दहा बाय दहाची खोली. "पण तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "जनावर बोलत नाही, तरी त्याला कुठं दुखतं हे कसं ओळखायचं ते इतकं मायेनं लिहिलंय..." लोक हसायला लागले. दुसरं, खारीचं चित्रांचं पुस्तक, लहान मुलांचं. हशा. तिसरं, एका नर्सबाईचं चरित्र. चौथी, शेवटची पानं फाटलेली एक कादंबरी, तिचा शेवट आप्पांनी स्वतः ठरवला होता. तो सांगायला लागल्यावर मागच्या रांगेतले पोट धरून हसत होते.

आणि मी, सूत्रसंचालक, दुसऱ्या माईकवर होतो. म्हणालो, "आप्पा, टेलिफोन डिरेक्टरी राहिली का?"

सभागृह कोसळलं. आप्पाही हसले. म्हणाले, "ती मिळत नाही गुरुजी. दुकानदार हात लावू देत नाही." पुन्हा हशा. त्यांनी कागद जसा होता तसा घडी घालून खिशात ठेवला. यादीतली तीन-चार नावं वाचायची राहिली होती. ती कुणी विचारली नाहीत.

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. मला वाटलं, रागावलेत. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची ती दहा नावं मला लिहून द्या ना."

मी झोकात लिहून दिली. वर 'अवश्य वाचा' असंही लिहिलं.

पुढच्या रविवारपासून माझ्या मागे साडेसाती लागली. आप्पा यादीतली पुस्तकं एका पाठोपाठ एक, क्रमानं वाचू लागले. आणि परत करताना निकालाऐवजी प्रश्न विचारू लागले. "गुरुजी, तो भाऊ शेवटी घर का विकतो? त्याला तर पैशाची गरज नव्हती." मी टेबलावरची कार्डं सारखी करत म्हणायचो, "आप्पा, ते ज्यानं त्यानं शोधायचं असतं." ते मान डोलवायचे. "आणि ती म्हातारी खरंच वेडी की सोंग करते?" मी म्हणायचो, "लेखकाला तीच तर गंमत करायचीय." "हां," ते म्हणायचे आणि विचारात पडून खिडकीकडे जायचे. माझ्या पोकळ वाक्यांवर तो माणूस आठवडाभर विचार करायचा.

तिसरं पुस्तक तुरुंगातल्या माणसांचं होतं. आप्पा आले तेच अस्वस्थ. "गुरुजी, वीस वर्षांनी तो सुटतो. गावाकडं भाऊ आहे, घर आहे. तरी तो गावी जात नाही. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर कपबश्या धुवायला राहतो. का? मला हे तुमच्याकडूनच कळायला पाहिजे."

माझी सगळी ठरलेली वाक्यं वापरून झाली होती. घाईत काहीतरी नवं सुचवावं म्हणून मी म्हणालो, "त्या बाईमुळे, आप्पा. तिच्यामुळे त्याचा पाय निघत नाही."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "कोणती बाई?"

"आहे ना. नीट वाचा."

"बाई नाहीये गुरुजी त्यात. सगळे कैदी नाहीतर शिपाई."

माझे कान तापले. पण मी मास्तर. पोरानं चूक काढली तर मास्तर जे करतो तेच केलं. कपाळाला आठ्या घालून म्हणालो, "घाईत वाचलंत तुम्ही."

ते पुस्तक परत घेऊन गेले. चारशे पानांचं. पुढचे दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते दारातूनच म्हणाले, "सापडली गुरुजी! तिसऱ्या प्रकरणात, तुरुंगाच्या फाटकासमोरून एक कासारीण जाते. डोक्यावर बांगड्यांची टोपली. एकच ओळ आहे. तीच ना?"

मला इतकं हायसं वाटलं की मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "तीच!"

"बरोबर आहे तुमचं," आप्पा म्हणाले. "माझ्या नजरेतून निसटली होती."

घरी येऊन मी हा किस्सा मंदाला रंगवून सांगितला. मला वाटलं, ती हसेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या माणसानं तुमच्या एका थापेसाठी चारशे पानं परत वाचली?" मी म्हटलं, "अगं, त्याला आवडतं वाचायला." ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या सबबी शोधता, तेवढ्यात एखादं पुस्तक वाचून झालं असतं."

त्यानंतर एक बदल झाला. आप्पांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं. आता ते येऊन गोष्टच सांगायचे. "तुमच्या ध्यानात असेलच म्हणा," अशी सुरुवात करून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. कोण कुणाचा कोण, कोण कधी मेला, कुठं लेखक घसरला, कुठं चढला. तासतासभर. मला बरंच झालं. मी कार्डं भरायचो, तुटलेल्या पाठी चिकटवायचो, मधूनमधून "हं" म्हणायचो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. वर्षाच्या शेवटी माझी दहाच्या दहा पुस्तकं मला तोंडपाठ होती. एकही न उघडता.

पुढच्या स्नेहसंमेलनाला अध्यक्षांनी बडोद्याहून एक निवृत्त प्राध्यापक आणले. गोरे, ठेंगणे, कानावर केस आणि आवाज अगदी मऊ. कार्यक्रमाआधी अध्यक्षांनी त्यांना माझी गेल्या वर्षीची यादी दाखवली असावी. भाषणाच्या ओघात ते म्हणाले, "या यादीतल्या तुरुंगाच्या कादंबरीवर फार कमी लोक बोलतात. ग्रंथपालसरांनी दोन शब्द सांगावेत."

मी उभा राहिलो. भीती वाटली नाही, हे आज आठवलं की जास्त शरम वाटते. मी आप्पांकडून ऐकलेलं सगळं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत, माझं म्हणून सांगितलं. मग रंगात आलो आणि कासारणीवर घसरलो. बांगड्या म्हणजे बंधन, बांगड्या म्हणजे बेड्या, आणि तरी त्या किणकिणतात; फाटकासमोरून जाणारी ती कासारीण हे कैद्याच्या मुक्तीचं प्रतीक आहे, वगैरे. लोक टाळ्या वाजवायला लागले.

प्राध्यापकांनी मान तिरपी केली. "कासारीण?" ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "मी ती कादंबरी दोन-तीनदा वाचलीय. मला नाही आठवत."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या रांगेतून लोटनआप्पा उठले. हात जोडून म्हणाले, "आहे सर. तिसऱ्या प्रकरणात आहे. एकच ओळ आहे, नजरेतून जाते. माझ्याही गेली होती. गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला दिसली."

"असेल, असेल," प्राध्यापक म्हणाले. "वय झालं माझं." आणि माझ्याकडे बघून हसले. "सूक्ष्म वाचन आहे तुमचं."

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात टाळ्या तिसऱ्या रांगेत वाजत होत्या.

त्या संध्याकाळी मी ते पुस्तक घरी आणलं. खरं कारण सांगतो. वाचायला नव्हे, कासारणीची ओळ पाठ करायला आणलं. कुणी पुन्हा विचारलं तर असावी. तिसरं प्रकरण वाचलं. नव्हती. वाटलं, चौथ्यात असेल. नव्हती. मग दुसरं बघितलं. मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. शाळेतून आलो की तेच. चार दिवसांत चारशे पानं झाली. वीस वर्षांत मी पहिल्यांदा एक पुस्तक पूर्ण वाचलं, आणि ते पुस्तकात नसलेली बाई शोधण्यासाठी.

आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या पद्धतीनं बांधलेलं पुस्तक होतं, वरच्या कडेला पानं जोडलेली असतात तसं. ती कापल्याशिवाय वाचताच येत नाहीत. सगळी पानं कातरीनं अगदी सरळ कापलेली होती. मागच्या कार्डावर एकच नाव होतं. त्या पुस्तकाला वाचनालयात आल्यापासून दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

मंदा समोरच बसली होती. तिला सगळं सांगितलं. या वेळी रंगवून सांगता आलं नाही. तिनं पुस्तक हातात घेऊन कापलेल्या पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "जाऊन या."

रविवारी वाचनालय बंद करून मी गोडादऱ्याला गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. विचारत विचारत खोली सापडली. आप्पा दाराशी उभे राहून वाचत होते. मला बघून गोंधळले, एकदम आत जाऊन खाटेवरची चादर झटकायला लागले.

"गुरुजी! तुम्ही? बसा, बसा. चहा टाकतो."

"आप्पा," मी उभ्यानंच म्हणालो, "त्या पुस्तकात कासारीण नाही."

त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. स्टोव्ह पेटवला. काडी फुंकरून टाकली. "नाही," ते म्हणाले. आणि मग थोड्या वेळानं, "पण असायला पाहिजे होती, गुरुजी. चांगली वाटली असती तिथं."

मला हसू आलं. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पानं जोडलेली होती ना. पण वाटलं, तुमच्या घरी दुसरी प्रत असेल. शिकलेली माणसं, घरी पुस्तकं असतातच. मग तुम्ही बाई म्हणालात. तरी मी परत वाचलं, खरंच वाचलं. म्हटलं, आपलंच चुकलं असेल. नाही सापडली, म्हणून मग एक ठेवून दिली."

"आप्पा, दहापैकी एकही वाचलेलं नव्हतं मी."

"हां," ते म्हणाले. चहाकडे बघत होते. "राग नाही आला, गुरुजी. पण तुम्ही 'तीच' म्हणालात त्या दिवशी घरी येऊन पुस्तक उघडलं नाही. दोन-तीन दिवस नाही उघडलं."

मी खाली बसलो. विचारलं, "मग पुढची सातही तीच का वाचलीत? माझीच यादी का?"

तेव्हा त्यांनी हिलालचं नाव पहिल्यांदा घेतलं. हिलाल त्यांच्या गावचा, पारोळ्याकडचा, बरोबरच सुरतेला आलेला. आप्पांची दिवसपाळी, त्याची रातपाळी. दोघांत ही एकच खोली, ही एकच खाट आणि एकच पुस्तक. एक झोपायचा तेव्हा दुसरा कामावर, आणि पुस्तक उशाखाली. त्यात आगपेटीच्या दोन काड्या, एक याच्या पानाशी, एक त्याच्या. "त्याची काडी पुढं गेलेली दिसली ना, की मला कामावर चैन पडायचं नाही," आप्पा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी दोघं घरी. मग काय, नुसतं भांडण. शेजारी म्हणायचे, हे दोघं कोणाच्या जमिनीवरून भांडतात? सोळा वर्षं, गुरुजी."

हिलालचे डोळे गेले नाहीत, पण अधू झाले. काम सोडून तो गावी परत गेला. आप्पा दरवर्षी दिवाळीला गावी जायचे ते वर्षभरात वाचलेल्या चांगल्या पुस्तकांची यादी करून. त्याच्या ओट्यावर बसून एकेक गोष्ट सांगायचे.

"दोन दिवाळ्या झाल्या त्याला," आप्पा म्हणाले. "गेलो. कागद काढला. तो म्हणाला, लोट्या, आते पुस्तकं ऱ्हाऊ दे. मन्हं मन लागत नही. पिकापाण्यानं बोल." त्यांनी चहा गाळला. "त्याचं बरोबर आहे. त्याला नातवंडं आहेत, शेती आहे. मी पिकापाण्याचं बोललो. आणि कागद तसाच खिशात घेऊन परत आलो. तेवढ्यात तुमचा कार्यक्रम आला."

मला कळायला एक क्षण लागला. हिलालला वाचून न दाखवलेली यादी त्यांनी आमच्या माईकवर वाचली होती. आणि मी टेलिफोन डिरेक्टरी विचारली होती.

"आप्पा, मी त्या दिवशी..." मी सुरू केलं.

"ते सोडा. हसले लोक. हसायलाच आलेले असतात," ते म्हणाले. "पण तुम्ही दहा नावं घेतली ना, तेव्हा मला वाटलं, चला, सुरतेत एक माणूस आहे. ही दहा वाचायची, मग बोलायला होईल. नंतर कळलं, तसं नाही. म्हटलं, असू द्या. वाचत नाहीत तर आपण सांगू. ऐकून तरी घेतात." आणि जरा थांबून, अगदी सहज म्हणाले, "तुमचं लक्ष घड्याळाकडं असायचं. पण हं म्हणायचात."

आयुष्यात मला अनेकांनी अनेक बोल लावलेत. त्यातला एकही या वाक्याच्या जवळपास येत नाही. बोल लावायचा म्हणून ते बोललेही नव्हते.

आम्ही चहा पीत बसलो. बाहेर माग चालू होते. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खोटं काही बोलायचं नाही एवढं ठरवून, मी म्हणालो, "आप्पा, मला तो तुमचा कैदी आवडला नाही."

त्यांनी मान वर केली. "का?"

"पळपुटा आहे. भाऊ वाट बघतोय गावाला, आणि हा टपरीवर कपबश्या धुतोय. माणसानं घरी जायला पाहिजे होतं."

"भाऊ वाट बघतोय असं तुम्हाला कोणी सांगितलं?" आप्पांनी कप खाली ठेवला. "कुठल्या पानावर आहे? शेवटचं पत्र सहा वर्षांपूर्वीचं आहे."

"म्हणून काय झालं? भाऊ तो भाऊ."

"तुम्हले सांगस गुरुजी, तुम्ही पुस्तक वाचलं पण तो माणूस नाही वाचला!" त्यांचा आवाज चढला. बावीस वर्षं मागांच्या आवाजात काम केलेल्या माणसाचा आवाज चढला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. समोरच्या खोलीतली बाई दारात येऊन बघायला लागली. "गाव असतं तिथंच. पण आपली जागा भरून जाते. हा गेला तर त्याला कुठं बसवायचं हे त्या लोकांना सुचणार नाही. ते कळलंय त्याला. म्हणून नाही जात."

"मग एकदा जाऊन तरी बघायचं ना!" मीही इरेला पेटलो. हे मात्र खरं होतं. मला खरंच तसं वाटत होतं, आणि पुस्तकाबद्दल मला खरंच काही वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

आम्ही तासभर भांडलो. निघालो तेव्हा आप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि मला पोचवायला निघाले. गल्लीभर भांडण, खाडीच्या पुलावर भांडण. पुलाच्या टोकाला शटल रिक्षा थांबतात. एक आली, तीत एक जागा होती. ड्रायव्हरनं विचारलं, "स्टेशन?"

आप्पांनी त्याच्याकडे न बघताच हातानं त्याला पुढं जायला सांगितलं. "ही जाऊ द्या गुरुजी, दुसरी येईल. मी काय म्हणतो, तो शिपाई, सतराव्या प्रकरणातला..."

मी थांबलो. दुसरी आली, तीही गेली.